उताऱ्याचं ड्रॉइंग

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय ७१. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ३२ वर्षं टर्नर म्हणून काढली. आता ऐरोलीत मुलाकडे असतो. मुलगा-सून दोघंही कामाला जातात, त्यामुळे आठवीतल्या नातीचा संध्याकाळचा अभ्यास माझ्याकडे. पोरगी हुशार आहे. गोष्टीचं पुस्तक हातात पडलं की जेवायला उठत नाही, आणि आठ दिवसांनी विचारलं तरी कोण कुणाला काय म्हणालं ते सांगते. पण इतिहास-भूगोलाचा धडा किंवा मराठीच्या पेपरातला माहितीचा उतारा दिला, की तीनदा वाचूनही दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत. विचारलं तर म्हणते, "आबा, सगळंच महत्त्वाचं आहे, त्यातलं काय सांगू?" पुस्तकाची पानंच्या पानं पिवळ्या पेनाने रंगवलेली आहेत. मुलगा म्हणतो क्लास लावू. सून म्हणते सेमी-इंग्लिशमुळे ना धड मराठी आलं ना इंग्रजी. शेजारी म्हणतात स्मरणशक्तीचं चाटण द्या. मी तिला मोठ्याने वाचायला लावतो, पाठ करून घेतो. परवा पाठांतर करता करता ती रडली, आणि ती झोपल्यावर मीही. मी काय करू?

– नातीचा आबा, ऐरोली

आबा, नमस्कार.

तुम्ही सही अशी केलीत, म्हणून मीही आबाच म्हणते. पहिल्यांदा ते चाटण बाजूला ठेवा. जी मुलगी आठ दिवसांनी गोष्टीतलं संभाषण जसंच्या तसं सांगते, तिच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. डोकं तेच, डोळे तेच आणि भाषाही तीच, तरी गोष्ट राहते आणि उतारा गळून जातो. असं का होतं, ते आधी बघू.

गोष्टीचा सांगाडा तिला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, एवढं ऐकलं की आता पाऊस येणार आणि कुणाचं तरी घर वाहून जाणार, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. नवी गोष्ट वाचतानाही तिच्या मनात खुंट्या ठोकलेल्या असतात: कोण, कुठे, अडचण काय, मग काय झालं, शेवटी काय झालं. वाचलेली प्रत्येक ओळ आपसूक आपल्या खुंटीला जाऊन अडकते. माहितीच्या उताऱ्यालाही सांगाडा असतो. पण तो वेगळा असतो, आणि तो तिला आजवर कुणी दाखवलेला नाही. खुंटीच नाही, म्हणून सगळे कपडे जमिनीवर पडतात, आणि मग ती म्हणते तसं सगळंच महत्त्वाचं वाटायला लागतं. तिचं ते वाक्य तिच्या अडचणीचं अगदी नेमकं वर्णन आहे. ती टाळाटाळ करत नाहीये, आबा.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. कधीमधी एखादं ड्रॉइंग घरी आणायचे, खोलीत जमिनीवर पसरायचे आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवायचे. मी शेजारी बसून मापं वाचायला लागले की म्हणायचे, "आकडे नंतर. आधी हे वरून बघितलंय, समोरून बघितलंय की कापून दाखवलंय, ते सांग." वस्तू एकच, पण प्लॅनमध्ये वेगळी दिसते, एलिव्हेशनमध्ये वेगळी आणि सेक्शनमध्ये त्याहून वेगळी. कुठला व्ह्यू आहे ते कळलं नाही तर प्रत्येक रेघ सारखीच वाटते. हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही ३२ वर्षं तेच केलंत. नातीलाही तेच शिकवायचं आहे, फक्त कागद वेगळा.

माहितीच्या लेखनातही असे मोजकेच व्ह्यू असतात. अमेरिकेतल्या वाचन-संशोधक बॉनी मायर यांनी १९७५ पासून यावर काम केलं आणि माहितीपर लेखनाचे पाच ढाचे सांगितले: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम आणि समस्या-उपाय. १९८० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीतल्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखकाने ज्या ढाच्यात मजकूर बसवला होता तोच ढाचा धरून जी मुलं आठवत होती, त्यांना उताऱ्यातलं जास्त आठवलं. तुमच्या नातीपेक्षा ती मुलं एकच इयत्ता पुढे होती.

ही पाच नावं तिच्याकडून पाठ करून घेऊ नका. तिला ती वेगळ्या नावांनी आधीच माहीत आहेत. तिच्या भूगोलाच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकात धड्यामागचा स्वाध्याय उघडा. टीप लिहा. कालानुक्रमे लिहा, किंवा ओघतक्ता पूर्ण करा. फरक स्पष्ट करा. कारणे लिहा. उपाय सुचवा. हेच ते पाच ढाचे. मुलं धडा संपल्यावर या प्रश्नांकडे वळतात आणि उत्तर शोधायला धड्यात परत जातात. तिला उलट दिशेने जायला शिकवा. परिच्छेद वाचायचा आणि विचारायचं: हा परिच्छेद म्हणजे यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? प्रश्न सापडला की महत्त्वाचं काय ते आपोआप वेगळं पडतं. फरकाचं उत्तर असेल तर दोन बाजू आणि मुद्दे महत्त्वाचे. कारणाचं असेल तर बाण कुठून कुठे जातो तेवढं महत्त्वाचं, बाकीची सजावट.

तुम्ही ऐरोलीत राहता, तेव्हा उदाहरण तुमच्या खाडीतलंच घेते. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. समजा पहिला परिच्छेद असा आहे:

"रोहित पक्ष्याचे पाय लांब आणि मान बाकदार असते. त्याची चोच मध्येच खाली वळलेली असते. डोकं उलटं करून तो चोच पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून शेवाळ व बारीक जीव खातो. रोहित पक्षी थव्याने राहतात."

आता दुसरा:

"रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक कवचधारी जीवांमध्ये कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. ती खाण्यातून शरीरात जातात आणि त्यामुळे पिसांना हळूहळू गुलाबी रंग चढतो. असं खाणं न मिळाल्यास रंग फिका पडतो."

नातीला प्रत्येक परिच्छेदातली वाक्यं त्याच परिच्छेदात पुढे-मागे करायला सांगा. अगदी कात्रीने पट्ट्या कापून. पहिल्यात थव्याचं वाक्य सुरुवातीला आणलं, चोचीचं शेवटी नेलं, तरी काही बिघडत नाही. टोपलीतल्या भाजीच्या जुड्या कुठल्याही क्रमाने काढल्या तरी चालतात, तसं. हे वर्णन, म्हणजे टीप. दुसऱ्या परिच्छेदात मात्र "त्यामुळे पिसांना रंग चढतो" हे वाक्य रंगद्रव्यांच्या आधी ठेवून बघा. ते लोंबकळतं. कशामुळे, असं आपण लगेच विचारतो. वाक्य हलवल्यावर जिथे अडतं, तिथे बहुतेक वेळा क्रम किंवा कारण असतं. मी वर्गात ही पट्ट्यांची परीक्षा फार वेळा घेतली आहे. मुलांच्या बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळायला वेळ लागतो.

त्याच पक्ष्यावरचा तिसरा परिच्छेद असाही असू शकतो: "मोठा रोहित उंच आणि फिकट असतो, तर लहान रोहित बुटका आणि अधिक गडद असतो. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते, लहानाची जवळजवळ सगळीच गडद लाल." इथे उंची, रंग, चोच हे तीन मुद्दे आणि दोन खाने झाले, की काम झालं. चौथा परिच्छेद खाडीचा इतिहास सांगेल: २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, पुढे २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हा क्रम. तो ठाणे-वाशी गाडीसारखा असतो. ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली, मग कोपरखैरणे. मध्ये उडी मारता येत नाही. पाचवा परिच्छेद म्हणेल, खाडीत सांडपाणी येतं, खारफुटीवर राडारोडा पडतो, आणि त्यावर काय करता येईल. पक्षी एकच, पाच व्ह्यू.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र लांबवायचं आहे तिथे येते. ढाचा ओळखायला खुणेचे शब्द शोधा, असं सगळे सांगतात. इंग्रजीत ते सोपं जातं, कारण बिकॉज, देअरफोर, व्हेअरॲज हे शब्द वाक्यात सुटे उभे असतात. मुलांना ते गोल करता येतात. मराठीतही कारण, म्हणून, मात्र, याउलट असे सुटे शब्द आहेत. पण आपली निम्मी खूण शब्दाच्या शेपटीला चिकटलेली असते, आणि मुलांची नजर शब्दाच्या डोक्यावर असते. पावसामुळे. खाल्ल्याने. न मिळाल्यास. मोठ्यापेक्षा. त्याऐवजी. वाहतुकीसाठी. वाचणारं मूल "पाऊस" हा शब्द धरतं आणि "मुळे" सोडून देतं. मग त्याच्या हातात नुसता पाऊस राहतो. त्या पावसाने काय केलं ते निसटतं.

तुमच्या इमारतीत खाली, वॉचमनच्या टेबलाजवळ फळ्यावर कधीतरी अशी सूचना लागत असेल: "मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पाणीपुरवठा बंद राहील. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पाणी कमी दाबाने येईल. तरी रहिवाशांनी पाणी साठवून ठेवावे." तीनच वाक्यं आहेत, पण नातीला खाली नेऊन यावर पंधरा मिनिटं घालवा. "दुरुस्तीमुळे" यातलं "मुळे" म्हणजे कारण. "झाल्यावर" यातलं "वर" म्हणजे क्रम. इथे वर-खालीचा काही संबंध नाही. "दाबाने" यातला "ने" रीत सांगतो, पण "उन्हाने तळं आटलं" यातला तोच "ने" कारण सांगतो. म्हणजे प्रत्यय दिसला की थांबायचं आणि तो इथे कुठलं काम करतोय ते विचारायचं. आणि शेवटचं "तरी" बघा. "पाऊस आला तरी ती गेली" यात "तरी" म्हणजे अडचण असूनही. सूचनेतलं "तरी" मात्र "म्हणून" या अर्थाचं. सरकारी पत्रांत आणि लग्नपत्रिकांत ते असंच येतं: तरी आपण सहकुटुंब यावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि एका "तरी"ने अख्खा उतारा उलटा समजतो.

"ऊन" हा प्रत्यय तर क्रम लपवण्यात सगळ्यात पटाईत. "तांदूळ धुऊन, निथळून, तुपावर परतून मग आधणाचं पाणी घाला." हे एक वाक्य आहे आणि त्यात चार पायऱ्या आहेत. घरात स्वयंपाक बघितलेल्या मुलीला त्या मोजता येतात. आता भूगोलातलं वाक्य: "पाण्याची वाफ होऊन, ती वर जाऊन, थंड होऊन तिचे ढग बनतात." इथेही चारच पायऱ्या, पण मुलं याला एक मुद्दा समजतात आणि सगळं वाक्य पिवळं करतात. प्रत्येक "ऊन"पाशी पेन्सिलीने उभी रेघ मारायला सांगा. वाक्याचे तुकडे पडले की ओघतक्ता तयार.

यात आणखी एक गोष्ट मला कायम बोचते. तिने उभयान्वयी अव्ययं नक्की शिकली असतील किंवा शिकेल: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक. व्याकरणाच्या गुणांसाठी मुलं ती पाठ करतात, आणि पान उलटून उताऱ्यावर आली की विसरतात. वास्तविक ती यादी उतारा वाचण्यासाठीच कामाची आहे. "पण, परंतु" आलं की आधीच्या विधानात उणं दाखवलं जाणार. "म्हणून, सबब" आलं की पुढे परिणाम. "कारण" आलं की परिणाम आधीच होऊन गेलाय आणि कारण आता येणार. हे "कारण" आणि "म्हणून" मुलं हमखास उलटं करतात, कारण दोन्ही शब्द त्यांच्या लेखी "कारणांचे शब्द" असतात. तिला दोन्हींखाली बाण काढायला लावा. "म्हणून"चा बाण पुढे जातो, "कारण"चा मागे येतो. आठवडाभर एवढंच केलं तरी "कारणे लिहा"मधली तिची निम्मी चूक थांबेल.

माझ्या हातून एकदा एक चूक झाली, ती सांगते. मी ठाण्यातल्या एका शाळेत २६ वर्षं मराठी शिकवलं. एकदा रेल्वेवरचा उतारा दिला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी धावली, त्यानंतर १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत पोचले, असा मजकूर होता. एका मुलाने लिहिलं, "ठाण्यापर्यंत गाडी आल्यामुळे ती कल्याणपर्यंत गेली." मी लाल पेनाने फुली मारली आणि वही परत दिली. तो मुलगा वर्षभर कारणांच्या प्रश्नाला हातच लावत नव्हता. पुढे त्याच्याजवळ बसून विचारलं तेव्हा कळलं, आधी जे घडलं तेच नंतरच्याचं कारण, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "नंतर" आणि "मुळे" यांत त्याला भेदच दिसत नव्हता. फुली मारण्याऐवजी मी दोन प्रश्न विचारायला हवे होते: पहिलं घडलं नसतं, तर दुसरं घडलंच नसतं का? आणि घडलं, तेवढ्यानेच दुसरं होणार हे ठरलं का? गाडी ठाण्यात आली म्हणून रूळ आपोआप पुढे गेले नाहीत. तशी योजना होती, पैसा होता, खाडीवर पूल बांधले गेले. हे बोलल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो मला अजून दिसतो. तुमची नात असं काही लिहील तेव्हा खोडू नका. हे दोन प्रश्न विचारा.

आता एक खरी अडचण. पुस्तकातले धडे असे स्वच्छ एकेका ढाच्यात येत नाहीत. नवी मुंबईवरचा धडा घ्या. सुरुवात समस्येने: मुंबईत माणसं मावेनात. मग उपाय: १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्या उपायाच्या पोटात क्रम: १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली. मध्येच वर्णन: सेक्टर कसे आखले, नोड म्हणजे काय. अशा वेळी तिला विचारायचं, सगळ्यात बाहेरची पेटी कुठली? बाकीच्या पेट्या कुणाच्या पोटात आहेत? इथे बाहेरची पेटी समस्या-उपाय. सनावळी त्या पेटीच्या आत आहे, म्हणून ती पाठ करण्याआधी ती कशासाठी आहे ते कळायला हवं. या धड्यात तुम्ही पुस्तकाच्याही पुढे जाऊ शकता. लोकल नव्हती तेव्हा शिफ्टला कसे पोचत होतात, ते तिला सांगा. १९९२ हा आकडा मग तिच्या डोक्यातून पुसणार नाही.

मतप्रधान उताऱ्यात आणखी एक सापळा असतो. लेखक सुरुवातीला दुसऱ्याचं म्हणणं मांडतो: "अनेकांना खारफुटी म्हणजे नुसता चिखल आणि डास वाटतात." दोन-तीन वाक्यं त्याच सुरात जातात आणि मग "मात्र" येतं. मुलं पहिली वाक्यंच लेखकाचं मत म्हणून उत्तरात लिहून मोकळी होतात. आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनी, चर्चेचे टप्पेच ठरवून दिले होते: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही जुनी रीत आजच्या अग्रलेखातही दिसते. पूर्वपक्ष हा शब्द तिला सांगा, आठवीतल्या मुलीला जड नाही. "आबा, हा पूर्वपक्ष आहे, खरं मत पुढे येतंय" असं ती एकदा म्हणाली, की तुम्ही दोघांनी पेढा खा.

क्लासबद्दल विचाराल तर तूर्त नको. दहा-वीस मुलांत बसून कुणी तिच्या पट्ट्या कापत बसणार नाही, आणि तुमच्याकडे संध्याकाळ आहे. सेमी-इंग्लिशचा दोष मी देणार नाही. ढाचे दोन्ही भाषांत तेच आहेत. फक्त इंग्रजी विज्ञानात खूण सुटा शब्द बघून सापडते आणि मराठी इतिहासात शेपटी बघून, एवढं तिला स्पष्ट सांगा. सूनबाईंनाही सांगा, त्यांची काळजी हलकी होईल.

रोज धडाच हवा असं नाही. वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी, औषधाच्या डबीतला कागद, वीजबिलाच्या मागचा मजकूर, काहीही चालेल. एका संध्याकाळी एकच परिच्छेद. पहिल्या वाचनात पेन हातात नको. मग ती सांगेल, हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पटलं नाही तर पट्ट्या कापा. मग वहीच्या अर्ध्या पानावर आकृती: टिपेसाठी मध्ये गोल आणि त्याला आरे, क्रमासाठी एका रेघेवर स्टेशनं, फरकासाठी दोन खाने, कारणासाठी बाण, समस्येसाठी कुलूप आणि किल्ली. आकृती तिने काढायची, तुम्ही नाही. तुमचा हात ड्रॉइंगला सरावलेला आहे, मोह होईल, पण आवरा. मग पुस्तक मिटून नुसत्या आकृतीकडे बघत तिने तुम्हाला तो परिच्छेद सांगायचा. शब्द तिचे असू द्या. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं नाही म्हणून थांबवू नका. पाठांतर आजपासून बंद, कवितांचं सोडून. कविता पाठ असाव्यात, त्याचं कारण वेगळं आहे आणि ते पुन्हा कधीतरी लिहीन.

पहिले आठ-दहा दिवस ती बहुतेक परिच्छेदांना "टीप" म्हणेल. सगळी मुलं म्हणतात. वर्णन हा सगळ्यात सैल ढाचा आहे, त्यात काहीही बसतं. तेव्हा चूक म्हणू नका, एवढंच म्हणा, "वाक्यं हलवून बघ." कारणाच्या परिच्छेदात एखादं वाक्य अडकेल आणि ती स्वतःच थांबेल. त्या थांबण्याची वाट बघा, दुसरं काही करू नका.

तो पिवळा पेन महिनाभर तुमच्या शर्टाच्या खिशात राहू द्या. नंतर परत द्याल तेव्हा अट घाला: एका परिच्छेदात एकच जागा रंगवायची, आणि ती शब्दाची शेपटी असली तरी चालेल. "मुळे" एवढंच पिवळं झालेलं पान मला बघायला आवडेल. तिने काढलेल्या दोन-तीन आकृत्या पत्रासोबत पाठवा, चुकलेल्या असल्या तरी. चुकलेला बाण कुठे वळला ते बघून मला पुढचं नेमकं सांगता येईल.

तुमची,
ताई